साफ करा

माहेरी देवळ्याला गेली की मंजुषाला एक प्रश्न ठरलेला असायचा. "कंपनीत तू करतेस तरी काय?" ती सांगायची, "कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम असतो ना, त्यातल्या बटणांवरचे शब्द मी मराठीत लिहिते." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळायचं, की हे काही काम वाटलेलं नाही. मग तीच विषय कांद्याकडे वळवायची.

नाशकात गंगापूर रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर धनराज पगार यांची कंपनी होती. त्यांचा 'हरकारा' नावाचा मेलचा प्रोग्राम पतसंस्था, शाळा, दूध संघ अशा ठिकाणी चालायचा. इंटरनेट आलं-गेलं तरी सगळी मेल आपल्याच यंत्रात उतरवून ठेवणारा, म्हणून लोकांना पसंत. संस्थांकडे विंडोज, शाळांच्या लॅबमध्ये लिनक्स आणि अध्यक्षांच्या चिरंजीवांकडे मॅक. तिन्हीकडे तो प्रोग्राम तिथलाच वाटला पाहिजे. विंडोजवर 'होय' आधी येतं, मॅकवर नंतर. एकीकडे ऐसपैस बसणारा शब्द दुसरीकडे कापला जातो आणि 'उत्तर द्या'चं 'उत्त' होऊन लोंबकळतं. हे सगळं सांभाळत मराठी बोलणाऱ्या माणसाला कुठं अडखळू द्यायचं नाही, हे मंजुषाचं काम.

उर्दूची बाजू अब्बास अन्सारी सांभाळायचे. मालेगावचे. आधी शाळेत उर्दू शिकवायचे, मग या कामाला लागले. आठवड्यातून दोन-तीनदा एस.टी.ने यायचे, सोबत डब्यात बायकोने, खुर्शीदाभाभींनी, दिलेलं काहीतरी असायचं. उर्दू उजवीकडून सुरू होते म्हणून अख्खी खिडकी आरशात पाहावी तशी उलटी करावी लागते. 'पाठवा'चा बाण फिरतो, पण फोन नंबर फिरत नाही. हे कुठं करायचं आणि कुठं नाही, यावर अब्बासभाई इंजिनियर मंडळींशी तासन्‌तास भांडायचे, तेही आवाज न चढवता. मंजुषाशी त्यांचं भांडण शब्दांवरून. एका शब्दासाठी दोघं दुपारभर बसायची.

"ताई, हा शब्द बरोबर आहे," ते म्हणायचे, "पण हा शब्द माझी आई बोलली नसती."

"माझीही नसती बोलली."

"मग दुसरा शोधू."

असे ते शब्द शोधलेले होते. एकेक.

अब्बासभाईंच्या डोळ्यांवर साखरेने हल्ला केला तो हळूहळू. पहिल्यांदा बारीक अक्षरं विस्कटली, मग पडद्याच्या मधोमध डाग आला. नाशकातल्या डॉक्टरांनी लेझर केलं, नंतर ऑपरेशन केलं. एका डोळ्याचं काही झालं नाही आणि दुसऱ्याचं होतं तेही गेलं. त्यांची एस.टी. बंद झाली. पण ते घरी बसले तरी स्वस्थ बसले नाहीत. पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अफरीनने, त्यांच्या मुलीने, त्यांच्या कॉम्प्युटरवर घालून दिला आणि ते कानाने काम करू लागले.

मग एक दिवस त्यांचा फोन आला.

"ताई, आपला हरकारा मुका आहे."

"म्हणजे?"

"ज्या बटणांवर शब्द आहे ती वाचतो. ज्यांच्यावर नुसतं चित्र आहे, तिथं म्हणतो 'बटण'. पुढे गेलो, 'बटण'. आणखी पुढे गेलो, 'बटण'. कचऱ्याची टोपली कुठली आणि घंटी कुठली, मला काय कळणार?"

चित्रांच्या मागे न दिसणारं नाव द्यायची सोय प्रोग्राममध्ये होती. कुणी भरलीच नव्हती. ती दोघांनी भरली. तिने मराठी, त्यांनी उर्दू. डोळस माणसाला ते शब्द कधीच दिसणार नव्हते. धनराज सरांनी एकदा विचारलंही, "मॅडम, जे गिऱ्हाइकाला दिसत नाही त्यावर एवढा वेळ?" पण थांबवलं नाही. अब्बासभाई फोनवर एकेक बटण ऐकवायचे आणि म्हणायचे, "हे बोललं. पुढचं."

त्या वर्षी त्यांचा मुलगा फरहान सौदीत दम्मामला होता, रस्त्यांच्या मोजणीच्या कामावर. आईशी तो व्हिडिओवर बोलायचा. वडिलांना मात्र दर शुक्रवारी मेल लिहायचा, उर्दूत, लांबलचक. तशी वडिलांची अटच होती. "बोललेलं हवेत जातं," ते म्हणायचे, "लिहून पाठव, तुझं उर्दूही गंजणार नाही." फरहान लिहायचा: खोलीतल्या केरळी पोराने मासे कसे जाळले, उन्हात दुर्बीण हाताला कशी चटका देते, मुकादम कसा हिंदी शिकतोय. अब्बासभाई ते हरकाऱ्यात एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. फोल्डरचं नाव 'फरहान'.

साईटवरून परत येताना कंपनीची गाडी उलटली, त्यात फरहान गेला. कागदपत्रांचे इतके घोळ झाले की शेवटी त्याला तिकडेच पुरलं. बापाने माती दिली नाही, आईने तोंड पाहिलं नाही. मंजुषा भेटायला गेली तेव्हा खुर्शीदाभाभी बायकांच्या गराड्यात बसल्या होत्या आणि अब्बासभाई आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. यंत्राचा सपाट, एका सुरातला आवाज उर्दू वाचत होता. ती दारात थांबली. वाचून झाल्यावर त्यांनी बाण दाबला आणि पुढचं पत्र सुरू झालं.

त्यानंतर तेच त्यांचं रोजचं झालं. सकाळची नमाज झाली की कॉम्प्युटर. शोधाच्या चौकटीत ते एखादा शब्द टाकायचे, 'बारिश' किंवा 'अम्मी', आणि फरहानने तो शब्द जिथं जिथं लिहिला ती पत्रं ऐकायचे. झालं की शोध पुसायचे, दुसरा शब्द टाकायचे. अफरीन म्हणाली होती, "अब्बा, मी वाचून दाखवते." ते म्हणाले, "तुझा आवाज ऐकला की तू बोलतेस असं वाटतं. मशीनचा आवाज कुणाचाच नाही, म्हणून त्याचा वाटतो."

हे अफरीननेच मंजुषाला सांगितलं होतं.

दोन पावसाळे गेले. धनराज सरांनी हरकारा मुळापासून नवीन करायला घेतला. तीन यंत्रांसाठी तीन खिडक्या सांभाळणं परवडत नव्हतं. आता एकच खिडकी सगळीकडे चालणार होती, दिसायला मोबाईलसारखी. भाषाही नव्याने. मराठी, हिंदी, गुजराती यंत्राकडून भाषांतर करून येणार आणि माणसाने फक्त नजर फिरवायची. उर्दूचे गिऱ्हाईक मोजके, त्यात खिडकी उलटी करायचा खटाटोप वेगळा. उर्दू वगळली.

"जुने शब्द आहेत की आपल्याकडे," मंजुषा म्हणाली. "तेच घालू."

"मॅडम, जुनी रचनाच राहिली नाही. कुठला शब्द कुठल्या बटणाचा, हे जुळवत बसायला महिने लागतील." धनराज सर दुष्ट माणूस नव्हते. देवळ्याच्याच बाजूचे, तिच्या वडिलांना ओळखणारे. त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू का, आता या कामाला माणूस लागतच नाही असं सगळे म्हणतात. मी तुम्हाला ठेवलंय. तुम्ही नजर फिरवा, मंजूर करा, एवढंच."

मंजुषाचा नवरा समाधान अंबडच्या कारखान्यात होता. तिथली एक पाळी बंद झाली होती आणि तो घरी बसून वर्तमानपत्रातले जाहिरातींचे कोपरे वाचायचा. ती जागेवर जाऊन बसली.

यंत्राने केलेली मराठी बरी होती. हेच वाईट होतं. भयंकर असती तर फेकून देता आली असती. एकेक वाक्य समोर यायचं, खाली 'मंजूर' आणि 'दुरुस्ती' अशी दोन बटणं. दुरुस्ती दाबली की ते इंजिनियरकडे परत जायचं आणि तिथं साचायचं. बरीच दाबल्यावर धनराज सर तिच्या टेबलापाशी आले. "मॅडम, पतसंस्था फेडरेशनला तारीख दिली आहे. अर्थ कळतोय ना? मग सोडा. बारीकसारीक पुढच्या आवृत्तीत घेऊ."

त्याच दुपारी ते तिच्यासमोर आलं. शोधाच्या चौकटीशेजारी एक लहान बटण होतं, चौकटीतला शब्द पुसणारं. यंत्राने त्याला नाव दिलं होतं, 'साफ करा'. त्याच ओळीत पुढे आणखी एक बटण होतं, उघडलेलं फोल्डर रिकामं करणारं. मूळ इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द होता, म्हणून यंत्राने त्यालाही तेच नाव दिलं होतं. 'साफ करा'.

दिसायला गोंधळ नव्हता. एकावर फुली, दुसऱ्यावर कचऱ्याची टोपली. डोळ्याने पाहणारा चुकणार नाही. नाव तर चित्राच्या मागे, न दिसणारं. मंजुषाने ते पाहिलं आणि तिला कानाने काम करणारे अब्बासभाई आठवले. तिने 'दुरुस्ती' दाबलं. संध्याकाळी ते तिच्याकडे परत आलं, शेरा मारलेला: पुढच्या आवृत्तीत. सगळं मंजूर झाल्याशिवाय प्रोग्राम पुढे जाणार नव्हता. खाली उभा असलेला समाधान फोन करत होता, गाडी नो-पार्किंगमध्ये आहे म्हणून. तिने 'मंजूर' दाबलं आणि पर्स उचलली.

नवीन हरकारा बाहेर पडायच्या आधी अब्बासभाईंना सांगणं भाग होतं. तिने फोन केला.

"उर्दू काढली, अब्बासभाई."

ते म्हणाले, "आज ना उद्या काढणारच होते. जुनाच चालवला तर?"

"जुना सर्व्हरला जोडला जाणार नाही. नवीन आपोआप येईल."

"पत्रं राहतील ना आतली?"

"पत्रं तशीच राहतील. फक्त बटणांची भाषा बदलेल."

"मग मी मराठी लावतो," ते म्हणाले. "मराठी तुमची आहे. तिथं मला काळजी नाही."

आता सांगायला हवं होतं, की मराठी माझी राहिलेली नाही. ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. पण त्यामागोमाग प्रश्न येणार होता: मग तुम्ही काय करता तिथं? त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ती गप्प राहिली. पलीकडून दोनदा "हॅलो, हॅलो" आलं आणि फोन बंद झाला. तिने परत लावला नाही.

अफरीनचा फोन आला तेव्हा मंजुषा कॉलेज रोडला भाजी घेत होती. अफरीन रडत नव्हती, म्हणूनच तिला भीती वाटली.

"आंटी, भाईजानचे सगळे मेल गेले. फोल्डर रिकामा आहे."

"टोपलीत बघ. कचऱ्याच्या."

"तिथं नाहीत. अब्बांनी सर्च केला होता, मग तो पुसायला गेले. मशीन बोलली, 'साफ करा'. त्यांनी दाबलं. मग मशीनने विचारलं, 'तुम्हाला खात्री आहे का?' ते म्हणाले, हे नवीनच आहे, आधी विचारत नव्हतं. आणि होय दाबलं."

भाजीवाल्या बाई पिशवी पुढे करून उभ्या होत्या. मंजुषाला ती घ्यायचं सुचेना.

दुसऱ्या दिवशी ती स्वराजला घेऊन मालेगावला गेली. स्वराज कंपनीतला इंजिनियर, बोलायला कमी आणि कामात तरबेज. ज्याने तिची दुरुस्ती 'पुढच्या आवृत्तीत' म्हणून परत पाठवली होती, तोच. वाटेत चांदवड मागे पडलं. घाट उतरल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मला रोज ढीगभर दुरुस्त्या येतात. मी बटणाचं नाव पण वाचत नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

फरहानच्या दम्मामच्या खात्यात पाठवलेली पत्रं असतील, असं अफरीनला वाटत होतं. ते खातं त्याच्या कंपनीचं होतं आणि तो गेल्यावर त्यांनी बंद करून टाकलं होतं. हरकारा उतरवलेली मेल सर्व्हरवरही ठेवत नसे, म्हणजे जे काही होतं ते या एका यंत्रात होतं. स्वराजने यंत्र उघडलं, आपला लॅपटॉप जोडला, आणि खाली बसून कामाला लागला. अब्बासभाई खाटेवर बसले होते, पाठ ताठ, हात मांडीवर. कुणी आलं की जसे उठून "या ताई" म्हणायचे, तसे आजही उठले होते.

दुपार उलटली. स्वराजने मान वर केली आणि मंजुषाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहून चालणार नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो अब्बासभाईंकडे वळला.

"काका, फोल्डर रिकामं झालं की नवीन हरकारा लगेच जागा आवळून घेतो. त्याच जागेवर नंतर दुसरं काहीबाही लिहिलं गेलंय. थोडे तुकडे मिळालेत."

"वाचा," अब्बासभाई म्हणाले.

अफरीन पुढे झाली. एक विमानाचं तिकीट होतं, ते पूर्ण निघालं. एक बँकेची जाहिरात होती, फरहानने चुकून पुढे पाठवलेली, तीही पूर्ण. मग काही उर्दू ओळी. ती वाचू लागली. "अब्बा, अस्सलाम अलैकुम. काल इथं धुळीचं वादळ आलं आणि..." ती थांबली.

"आणि काय?"

"पुढे नाही, अब्बा. पुढे नुसते चौकोन आहेत."

अब्बासभाईंचे ओठ हलायला लागले. "आणि... आणि आम्ही सगळे गाडीत... नाही. गाडीचं ते दुसऱ्या पत्रात होतं." ते कपाळाला हात लावून बसले. "मला वाटायचं माझं पाठ झालंय," ते शेवटी म्हणाले. "रोज ऐकायचो. वाटायचं, मशीन नसली तरी मी म्हणून दाखवीन. पण पहिली ओळ येते आणि पुढचं सुचत नाही. पुढचं मशीन म्हणायची ना."

स्वराज सामान आवरून गाडीकडे गेला. अफरीन चहा ठेवायला आत गेली. मंजुषा खाटेसमोरच्या खुर्चीवर बसली होती. तिला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अब्बासभाई, ती दोन बटणं मी पाहिली होती."

"माहीत आहे."

तिने वर पाहिलं. त्यांचा चेहरा तिच्या दिशेने होता, पण थोडा बाजूला, आवाज जिथून आला तिथं.

"अफरीनने दोन्ही बटणं मला वाचून दाखवली तेव्हाच कळलं. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काम केलं, ताई. एका नावाची दोन बटणं तुमच्या नजरेतून सुटतील, हे मी मानायलाच तयार नव्हतो. मग काय उरलं?"

आत कपबशा वाजल्या.

"मराठी लावतो म्हणालो तेव्हा तुम्ही गप्प झालात. मी हॅलो हॅलो केलं. मला वाटलं, लाइन कटली."

"लाइन कटली नव्हती."

"हो." त्यांनी मान हलवली, एखाद्या शब्दाचा अर्थ पटल्यावर हलवायचे तशी.

"मला माफ करा," ती म्हणाली. हे इतकं अपुरं होतं की तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"ते नंतर बघू," अब्बासभाई म्हणाले. "चहा घ्या. थंड होईल." चहा अजून आलेला नव्हता.

निघताना खुर्शीदाभाभी तिला जिन्याच्या तोंडाशी भेटल्या. दिवसभर त्या आतच होत्या. त्यांनी तिचा हात धरला आणि मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना ते.

"एक बात बोलूँ ताई? किसी को मत बोलना." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "वो मशीन रोज मेरे बच्चे की बात बोलती थी. मेरा बच्चा वैसा नहीं बोलता था. वो तो हँसते हँसते बोलता था. मैं किचन में कान पे हाथ रख के बैठती थी." "जिस दिन वो बंद हुई, उस दिन मुझे नींद आई. इतनी गहरी. उठी तो अपने आप पे शर्म आई."

मंजुषाने त्यांचा हात दाबला.

ऑफिसात धनराज सर हळहळले, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी अब्बासभाईंना फोन करायचं ठरवलं, दोनदा नंबर लावून ठेवून दिला. मग म्हणाले, "मॅडम, फार वाईट झालं. पण प्रोग्रामने विचारलं होतं ना, खात्री आहे का म्हणून?"

"कशाची खात्री, ते नव्हतं विचारलं."

त्यांनी स्वराजला बोलावलं आणि सांगितलं, आत्ता बदल. मंजुषाने शब्द सांगितले: एकाला 'शोध पुसा', दुसऱ्याला 'फोल्डर रिकामं करा', आणि खात्री विचारणाऱ्या खिडकीत 'या फोल्डरमधली सगळी पत्रं कायमची जातील'. खाली कुणीतरी चहा सांगितला होता. तो वर यायच्या आत काम झालं होतं. दिवस संपायच्या आत सगळ्या गिऱ्हाइकांना अपडेट गेला. फेडरेशनचे साहेब म्हणाले, तुमची सेवा तत्पर आहे.

त्या आठवड्यात तिने राजीनामा लिहिला. समाधानने वाचला, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला. त्याने म्हणायला नको म्हणून तिनेच तो फाडला. पुढे ती समोर येणाऱ्या वाक्यांवर दुरुस्ती दाबायची, जास्तच दाबायची, आणि स्वराज आता ती वाचायचा. धनराज सर टेबलापाशी यायचे नाहीत. सगळं थोडं बरं झालं होतं. तिला त्याचा आधार वाटत नव्हता.

अब्बासभाईंना ती फोन करायची. पहिल्यांदा ते उचलायचे. "ठीक आहे ताई, अल्लाचं करम आहे." नंतर अफरीन उचलू लागली. अब्बांनी कॉम्प्युटर कापडाने झाकून ठेवलाय. अब्बा बोलत नाहीत फार. अब्बा आता घरी नसतात.

"घरी नसतात म्हणजे?"

"चाचांच्या कारखान्यात जातात. सकाळी पोचवते, संध्याकाळी मगरिबला आणते."

अब्बासभाईंच्या धाकट्या भावाचे यंत्रमाग होते, मोहल्ल्यातच, दोन गल्ल्या पलीकडे. अब्बासभाईंना त्या धंद्यात कधी रस नव्हता. आवाजाने डोकं उठतं म्हणून ते लहानपणीही तिथं थांबायचे नाहीत, असं त्यांनीच एकदा डबा खाताना सांगितलं होतं. अफरीन म्हणाली, "तिथं काही करत नाहीत. नुसते बसतात. म्हणतात, तिथं दुसरं काही ऐकू येत नाही."

थंडी सुरू झाल्यावर मंजुषा एकटीच एस.टी.ने मालेगावला गेली. अफरीन तिला गल्लीच्या तोंडापर्यंत घेऊन आली. आवाज तिथूनच अंगावर आला. आत शिरल्यावर तो आवाज असा राहिलाच नाही, पायाखालच्या जमिनीत आणि दातांत शिरला. दोन्ही बाजूंना माग खडाडत होते, धोटे इकडून तिकडे आपटत होते, हवेत कापसाची धूळ तरंगत होती. शेवटच्या मागाजवळ, सुताच्या गठ्ठ्यांशेजारी एका स्टुलावर अब्बासभाई बसले होते. दाढीवर कापसाचे पांढरे तंतू जमले होते. मान थोडी खाली, हात मांडीवर.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अब्बासभाई," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. तिने पुन्हा हाक मारली, मोठ्यानं. मागावरच्या कामगाराने वळून पाहिलं आणि हाताने खूण केली, उपयोग नाही. अफरीनने वडिलांच्या खांद्याला हात लावला आणि त्यांच्या कानाशी वाकून काही सांगितलं.

त्यांनी चेहरा वर केला. ती कुठे उभी आहे हे त्यांना कळलं नसावं. त्या गोंगाटात कळणारही नव्हतं. त्यांनी भलत्याच बाजूला पाहून मान तुकवली, आणि ते काहीतरी बोलले. दोन-तीन शब्द असतील. मंजुषाने अफरीनकडे पाहिलं. अफरीनने मान हलवली; तिलाही ऐकू आलं नव्हतं. पुन्हा बोला, असं त्यांना सांगायचं तर परत वाकून कानात ओरडायला हवं होतं.

तोवर त्यांनी मान खाली घातली होती. मंजुषा अफरीनच्या मागोमाग दाराकडे निघाली.